पाणी स्वच्छ झालं, पण गाळाचं काय?

कारखान्याचं सांडपाणी विजेने स्वच्छ करणं हा फायनल इयर प्रोजेक्टसाठी एकदम हिट विषय आहे. काचेच्या भांड्यात गढूळ पाणी, दोन पट्ट्या, बॅटरी आणि अर्ध्या तासात पाणी काचेसारखं! टाळ्या पडतात, मार्क मिळतात. तळाशी उरलेल्या चिखलाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. आज त्या चिखलाबद्दलच बोलूया.

बोरिवली पश्चिमेला, गोराई खाडीच्या काठावर, खारफुटीला लागून एक हिरवं टेकाड आहे. पॅगोडा बघायला किंवा बीचवर जायला फेरीबोट पकडणाऱ्यांचं त्याच्याकडे फारसं लक्ष जात नाही. ते टेकाड निसर्गाने घडवलेलं नाही, तो कचरा आहे. १९७२ पासून जवळपास ३५ वर्षं मुंबईचा कचरा इथे येऊन पडत होता. १९.६ हेक्टर जागा, सरासरी २६ मीटर उंची, म्हणजे आठ-नऊ मजली इमारतीएवढा ढीग, आणि वजन सुमारे २३ लाख टन. त्यातून झिरपणारं काळं पाणी खाडीत उतरायचं. २००७ मध्ये इथे कचरा टाकणं थांबलं आणि २००९ पर्यंत हे डम्पिंग ग्राउंड शास्त्रीय पद्धतीने बंद करण्यात आलं. वरून पाणी शिरू नये असा थर, आतला वायू बाहेर काढायला नळ्या आणि त्यावर गवत.

आपण कचऱ्याच्या डब्यात टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, तिचा फक्त पत्ता बदलतो, हे गोराईइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं. सांडपाण्याचंही अगदी असंच आहे. पाण्यातलं क्रोमियम, शिसं, रंग, तेल हे 'ट्रीटमेंट'ने गायब होत नाही. ते पाण्यातून निघून गाळात जातं. म्हणून एखादी पद्धत किती चांगली हे पाण्याच्या रंगावरून जेवढं कळतं, त्याहून जास्त तिच्या गाळावरून कळतं.

वीज आली, तुरटी गेली

पावसाळ्यात गावाकडे पाणी गढूळ आलं की आजी हंड्यात तुरटी फिरवायची. थोड्या वेळाने माती तळाशी बसायची. कारण असं, की मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना ढकलत पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम हा भार शमवतं. मग कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या खाली बसतात. मोठ्या सांडपाणी प्रकल्पांतही वर्षानुवर्षं हेच चाललंय, फक्त तुरटी पोत्यांनी लागते.

इलेक्ट्रोकोॲग्युलेशन, म्हणजे आपल्या भाषेत 'ईसी', यात पोतं लागत नाही. लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सांडपाण्यात उभ्या करायच्या आणि त्यांतून डीसी करंट सोडायचा. धन बाजूची पट्टी हळूहळू विरघळते आणि तिच्यातून धातूचे आयन पाण्यात येतात. ऋण बाजूला हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि पाणी अल्कधर्मी होऊ लागतं. धातूचे आयन आणि हायड्रॉक्साइड मिळून पिसासारख्या गुठळ्या तयार होतात आणि येता-जाता सापडेल ती घाण पकडतात. काही गुठळ्या खाली बसतात, काही बुडबुड्यांना लटकून वर येतात. त्यामुळे ईसीच्या टाकीत गाळ दोन ठिकाणी सापडतो, तळाशी आणि फेसाबरोबर वर.

ही आयडिया काल-परवाची नाही. १८८९ मध्ये लंडनच्या सांडपाण्यावर विजेचा असा प्रयोग झाला होता. तेव्हा वीजच महाग, त्यामुळे ती मागे पडली. आता पुन्हा फॉर्मात आहे, कारण छोट्या जागेत बसते आणि रसायनांची पोती साठवावी लागत नाहीत.

गाळाचा स्वभाव

ईसीचा गाळ एकाच प्रकारचा नसतो. पट्टी कोणती, पाणी कोणतं, करंट किती, पीएच किती, यावर त्याचा स्वभाव ठरतो.

रंगापासून सुरुवात करूया. लोखंडी पट्ट्या लावल्या तर गाळ सुरुवातीला हिरवट दिसतो. हवा लागली की लोखंडाचं ऑक्सिडीकरण होतं आणि तो गंजासारखा तपकिरी-नारिंगी होतो. हवा कमी मिळाली तर काळाही पडतो. कारण त्यात मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं ऑक्साइड तयार होतं. ॲल्युमिनियमचा गाळ पांढरट, हलका आणि जेलीसारखा. त्यात रंगाचं सांडपाणी असेल तर तो त्याच रंगाचा होतो.

आता पाणी. गाळ हा शब्द ऐकून आपल्याला घट्ट चिखल डोळ्यासमोर येतो. प्रत्यक्षात टाकीच्या तळातून काढलेल्या गाळात ९८ टक्के पाणी असू शकतं. म्हणजे १ किलो कोरडा गाळ ५० किलो होऊन बसलेला असतो. तोच फिल्टर प्रेसमध्ये दाबून ८० टक्के पाण्यावर आणला, तर वजन ५ किलो. टक्केवारीत फरक फक्त १८ चा, पण वजन एक दशांश! ट्रकचं भाडं आणि विल्हेवाटीचा खर्च वजनावर ठरतो, त्यामुळे कारखानदाराच्या दृष्टीने हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगतो ना, तसंच हे. काही दह्याचं पाणी भराभर निथळतं आणि घट्ट चक्का मिळतो, काही दही रात्रभर टांगूनही पातळच राहतं. लोखंडी गाळाचे कण जास्त जड आणि स्फटिकासारखे असतात, त्यामुळे त्याचं पाणी तुलनेने लवकर सुटतं. ॲल्युमिनियमची जेली पाणी धरून ठेवते. ईसीच्या गुठळ्या तुरटीच्या गुठळ्यांपेक्षा मोठ्या, टणक आणि कमी पाणी धरणाऱ्या असतात, असं या पद्धतीचे पुरस्कर्ते सांगतात. बरेचदा ते खरंही असतं. पण जोरात ढवळलं, करंट गरजेपेक्षा वाढवला, तर त्याच गुठळ्या फुटून बारीक होतात आणि तासन् तास बसत नाहीत.

हे मोजायला महागडं मशीन लागत नाही. एक लीटरच्या मोजपात्रात पाणी भरायचं, ३० मिनिटं थांबायचं आणि गाळ कितव्या रेषेपर्यंत बसला ते वाचायचं. मग त्यातल्या कोरड्या गाळाचं वजन करायचं. एक ग्रॅम गाळ किती मिलिलीटर जागा अडवतो, हा आकडा निघाला की गाळ फुगीर आहे की घट्ट ते कळतं.

हजार लीटरचा हिशोब

आता कागद-पेन घ्या. मुंबईच्या उपनगरांत, वसईत, ठाण्यात छोटी प्लेटिंग युनिट्स आहेत. नळ, बकल, बाइकचे पार्ट चकचकीत होतात ते क्रोमच्या मुलाम्याने. मुलामा दिलेली वस्तू धुतली की पिवळसर पाणी निघतं. त्यात सहा संयुजेचं क्रोमियम असतं आणि ते कॅन्सरला कारण ठरणारं आहे. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात ते लीटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये.

समजा एका युनिटचं रोज १००० लीटर पाणी निघतं आणि लीटरमागे ५० मिलिग्रॅम असं क्रोमियम आहे. म्हणजे रोज ५० ग्रॅम. लोखंडी पट्टीतून येणारं लोखंड या क्रोमियमला तीन संयुजेचं करतं. हे रूप कमी विषारी आणि पाण्यात न विरघळणारं असतं. क्रोमियमच्या एका अणूला लोखंडाचे तीन अणू लागतात, म्हणजे ५० ग्रॅमला साधारण १६० ग्रॅम लोखंड. फॅराडेचा नियम बारावीत पाठ केला होता, तो इथे कामाला येतो. एका अँपिअर-तासाला १.०४ ग्रॅम लोखंड विरघळतं. म्हणजे १५५ अँपिअर-तास. १० व्होल्ट धरले तर दीड युनिट वीज. दिवसाला दीड युनिट, एवढंच!

पण गाळ? लोखंड आणि क्रोमियम दोन्ही हायड्रॉक्साइड होऊन बसतात. कोरडं वजन सुमारे ४०० ग्रॅम. टाकीतून काढताना ९८ टक्के पाणी, म्हणजे २० किलो. दाबून ८० टक्क्यांवर आणलं तर २ किलो. महिन्याला २५ दिवस काम चाललं तर ५० किलो, एक गोणी. ५० ग्रॅम विष पकडायला २ किलो चिखल! आणि हा हिशोब कागदावरचा, कमीत कमी लोखंडाचा. प्रत्यक्षात लोखंड जास्त लागतं आणि गाळही जास्त निघतो.

'कमी गाळ', पण कशापेक्षा?

ईसीच्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड हमखास असते, 'कमी गाळ तयार होतो'. व्हायवाला परीक्षकाने 'कशापेक्षा कमी?' एवढंच विचारलं, की बरेच जण अडखळतील.

फेरस सल्फेट आणि चुना टाकून क्रोमियम काढलं, तर लोखंडाचा गाळ होतोच, वर चुना आणि सल्फेट मिळून जिप्समची भर पडते. त्या तुलनेत ईसीचा गाळ खरंच कमी. शिवाय सल्फेट पाण्यात उरत नाही, त्यामुळे क्षारही वाढत नाहीत. पण सोडियम बायसल्फाइट आणि कॉस्टिक वापरलं, तर लोखंड येतच नाही, गाळ फक्त क्रोमियमचा. तिथे ईसीचा गाळ जास्त भरतो. म्हणजे दावा खोटा नाही, अर्धवट आहे. तुलना कुणाशी केली ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

बाटलीतलं डम्पिंग ग्राउंड

समजा ती ५० किलोची गोणी तयार झाली. पुढे?

घातक कचऱ्याविषयीचे केंद्र सरकारचे २०१६ चे नियम इथे लागू होतात. त्यांच्या यादीत प्रक्रियेतून निघणाऱ्या सांडपाण्याच्या रासायनिक गाळाचा स्पष्ट उल्लेख आहे. असा गाळ साधारण ९० दिवसांहून जास्त आवारात साठवता येत नाही. तो कुठे गेला याची कागदोपत्री नोंद लागते आणि तो अधिकृत ठिकाणीच पाठवावा लागतो. मुंबई महानगर परिसरातल्या कारखान्यांसाठी अशी जागा तळोज्याला आहे.

गाळ किती धोकादायक हे तपासायला टीसीएलपी नावाची चाचणी आहे. गाळाच्या वीसपट वजनाचं ॲसिटिक ॲसिडचं पातळ द्रावण घ्यायचं, दोन्ही बाटलीत घालून १८ तास उलटसुलट फिरवायचं आणि किती धातू सुटून बाहेर आला ते मोजायचं. क्रोमियमसाठी मर्यादा लीटरला ५ मिलिग्रॅम. आता प्रश्न पडेल, ॲसिटिक ॲसिड का? साधं पाणी का नाही?

कारण ही चाचणी एका डम्पिंग ग्राउंडची नक्कल आहे. घरगुती ओला कचरा कुजला की त्यातून ॲसिटिकसारखी आम्लं तयार होतात. कुणी कारखान्याचा गाळ गुपचूप त्याच ढिगात टाकला, तर त्या आम्लात काय होईल, हे ती बाटली सांगते. धातूंची हायड्रॉक्साइडं साधारण उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी पाण्यात शांत असतात. आम्लात ती पुन्हा विरघळू लागतात. म्हणजे वीज खर्चून जे पाण्याबाहेर काढलं, ते कचऱ्याच्या ढिगातून झिरपून परत पाण्यात! गोराईसारखा ढीग खाडीला खेटून असेल, तर ते पाणी कुठे जाणार हे वेगळं सांगायला नको.

मुंबईचा मुलगा, बंगालचा गाळ

गाळाचा प्रश्न शेवटपर्यंत नेणाऱ्यांत एक मराठी नाव आहे, अशोक गाडगीळ. मुंबईत जन्मलेले, मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेले, मग आयआयटी कानपूर आणि तिथून अमेरिकेत बर्कलेला. २०२३ मध्ये अमेरिकेचं तंत्रज्ञानासाठीचं राष्ट्रीय पदक त्यांना मिळालं. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात आर्सेनिक आहे. ते काढायला त्यांच्या चमूने लोखंडी पट्ट्या आणि थोडी वीज वापरली, म्हणजे ईसीच. २०१६ मध्ये दक्षिण २४ परगणा जिल्ह्यातल्या धपधपी इथल्या शाळेत दिवसाला १० हजार लीटर पाणी देणारा प्रकल्प उभा राहिला. हे पिण्याचं पाणी आहे, कारखान्याचं सांडपाणी नाही. पण पद्धत तीच आणि गाळाचा प्रश्नही तोच.

तिथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, लोखंडाचे कण इतके बारीक निघतात की ते लवकर बसावेत म्हणून शेवटी थोडी तुरटी टाकावी लागते. म्हणजे 'ईसीचा गाळ आपोआप बसतो' हे सगळीकडे खरं नाही. आजीची तुरटी अजून नोकरीवर आहे!

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. बंगालच्या जमिनीत आर्सेनिक मुळात लोखंडाच्या ऑक्साइडलाच चिकटलेलं होतं. जमिनीखाली जिथे ऑक्सिजन नाही आणि सेंद्रिय पदार्थ भरपूर आहेत, तिथे जीवाणू ते लोखंड विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं. मग आपण यंत्रात तयार केलेला आर्सेनिक-लोखंडाचा गाळ ओल्या, कुजट ढिगात पुरला तर? निसर्गाने जे केलं त्याचीच पुनरावृत्ती. अशा कोंदट परिस्थितीत काय होईल हे टीसीएलपीच्या १८ तासांत नीट दिसत नाही. चाचणीत पास झालेला गाळ डम्पिंग ग्राउंडमध्ये नापास होऊ शकतो. म्हणून जादवपूर विद्यापीठाच्या संशोधकांनी धपधपीचा गाळ काँक्रीटमध्ये बांधून बघितला. त्याची ताकद मोजली, त्यातून आर्सेनिक किती सुटतं हेही मोजलं.

विटा करूया का?

'गाळाच्या विटा' हा प्रोजेक्टवाल्यांचा दुसरा आवडता विषय. कल्पना वाईट नाही. सिमेंट अल्कधर्मी असतं, धातू त्यात बऱ्यापैकी अडकून राहतात. पण क्रोमियमच्या बाबतीत एक खाच आहे. तीन संयुजेचं क्रोमियम चुन्याच्या सोबतीने हवेत भाजलं, तर ते पुन्हा सहा संयुजेचं होऊ शकतं. म्हणजे भट्टीत घातलेली निरुपद्रवी वाटणारी माती बाहेर येताना विषारी झालेली. म्हणून काँक्रीटमध्ये बांधणं आणि भट्टीत भाजणं या दोन गोष्टी एक नाहीत. शिवाय असा गाळ कशात वापरायचा तर नियमांनुसार परवानगी लागते. कुणाच्या तरी वीटभट्टीवर ट्रक रिकामा करणं हा 'रीयूज' नव्हे.

स्वच्छ लोखंडी गाळाला मात्र चांगले उपयोग आहेत. तो पाण्यातलं फॉस्फेट धरतो, त्यापासून लाल-तपकिरी रंगद्रव्य करता येतं. म्हणजे कारखान्यात वेगवेगळे सांडपाण्याचे प्रवाह एकत्र न करणं फायद्याचं. क्रोमचं पाणी वेगळं, साधं धुण्याचं पाणी वेगळं. एकदा सगळं मिसळलं की सगळाच गाळ घातक.

करून बघा

साहित्य: काचेचा ग्लास, दोन साधे लोखंडी खिळे, ९ व्होल्टची बॅटरी, दोन वायर, चिमूटभर मीठ, निळ्या शाईचे चार थेंब.

ग्लासभर पाण्यात मीठ आणि शाई मिसळा. खिळे एकमेकांना न टेकवता उभे करा, वायरने बॅटरीला जोडा. एका खिळ्यावर बुडबुडे येतील, दुसऱ्याभोवती हिरवट पिसं दिसू लागतील. अर्ध्या तासाने बॅटरी काढा, ग्लास रात्रभर ठेवा. सकाळी तपकिरी गाळ दिसेल. तो फडक्यातून गाळा, ओलं वजन करा, उन्हात वाळवून पुन्हा वजन करा. किती पाणी होतं ते तुमचं तुम्हाला कळेल.

तीन सूचना. स्टीलचे चमचे किंवा गॅल्व्हनाइज्ड खिळे अजिबात वापरू नका. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं आणि ते विषारी रूपात पाण्यात उतरू शकतं. घरच्या प्लगला काहीही जोडायचं नाही, फक्त बॅटरी. आणि प्रयोग खिडकी उघडी ठेवून करा, कारण हायड्रोजन निघतो.

पुढच्या सबमिशनआधी

ईसीवर प्रोजेक्ट करणार असाल तर रिपोर्टमध्ये एक पान गाळासाठी ठेवा. पाच गोष्टी लिहा. हजार लीटरमागे कोरडा गाळ किती ग्रॅम निघाला. ३० मिनिटांत किती बसला. दाबल्यावर किती टक्के पाणी उरलं. आम्लात टाकल्यावर किती धातू सुटला. आणि शेवटी, तुमचा तो ग्लासभर गाळ प्रोजेक्ट संपल्यावर नेमका कुठे गेला. पहिल्या चार आकड्यांसाठी लॅब लागेल. पाचव्यासाठी फक्त प्रामाणिकपणा लागेल. कारण बहुतेक वेळा त्याचं खरं उत्तर 'बेसिनमध्ये' असं असतं. जड धातूंचा गाळ असेल तर तो बेसिनमध्ये ओतायचा नाही. झाकणबंद बरणीत ठेवा, वर लेबल लावा आणि लॅबच्या घातक कचऱ्यात द्या. तशी सोय कॉलेजात नसेल, तर ती मागा. ती मागणीही प्रोजेक्टचाच भाग समजा.

गोराईचं टेकाड झाकायला महापालिकेला दोन वर्षं आणि कोट्यवधी रुपये लागले. आतला कचरा अजून आतच आहे. पुढचं टेकाड कुठे उभं राहू नये असं वाटत असेल, तर 'गाळ कुठे जातो?' हा प्रश्न पाणी गाळायच्या आधीच विचारायला हवा.